वापरलाच नाही, तर बिघडला कसा?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. वडील सांगतात, १९५५ साली गीतरामायण सुरू झालं तेव्हा तो घेतला. पुढे घरात ट्रान्झिस्टर आला आणि हा माळ्यावर गेला. गेला तेव्हा तो उत्तम चालत होता. गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा त्याला खाली उतरवलं. भावाने उत्साहाने पिन लावली. आतला दिवा लागला, मग गुंऽऽ असा मोठा आवाज सुरू झाला आणि मिनिटभरात मेण तापल्यासारखा वास आला. आम्ही घाबरून पिन काढली. माझे चार प्रश्न आहेत. चाळीस वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, तो बिघडला कसा? तो पुन्हा बोलेल का, आणि त्यासाठी काय करावं लागेल? एक दुकानदार म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवून देतो. ते करावं का? आणि शेवटचं : माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पुणे केंद्र तिला एकटीला लावता यावं म्हणून आजोबांनी डायलच्या चौकटीवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका दिला होता. सगळं स्वच्छ करताना तो काढावा की ठेवावा?
— एक वाचक, वाई

उत्तर : आधी महत्त्वाचं सांगतो. पिन काढलीत ते फार बरं केलंत. आता ती पुन्हा लावू नका. ‘एकदा बघू या, कदाचित सुरू होईल’ असं प्रत्येकाला वाटतं, आणि माळ्यावरून धडधाकट उतरलेले रेडिओ याच एका हौसेपायी कायमचे जातात. तुमच्या रेडिओने वासाने इशारा दिला आणि तुम्ही तो वेळीच ऐकलात. त्याचं मोठं नुकसान झालेलं नसण्याची शक्यता पुष्कळ आहे.

पडून राहिलेली वस्तू बिघडते कशी?

रेडिओत झिजणारे भाग फार थोडे. सतत फिरणारं चाक नाही, पट्टा नाही. त्यामुळे न वापरता ठेवलेला रेडिओ जसाच्या तसा राहायला हवा, हा तुमचा तर्क साहजिक आहे. पण रेडिओच्या पोटातले दोन प्रकारचे कंडेन्सर नुसत्या काळानेही जुने होतात.

पहिला प्रकार कागदाचा. धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये कागद घालून त्याची गुंडाळी करायची, ती पुठ्ठ्याच्या नळीत बसवायची आणि दोन्ही तोंडं मेणाने किंवा डांबराने बंद करायची, अशी ही रचना. मेणाला बारीक भेगा पडतात, आणि कागद तो कागदच, हवेतला ओलावा शोषून घेतो. वाईचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. असे चाळीस पावसाळे माळ्यावर काढले की जो कागद विजेला अडवण्यासाठी घातला होता, तो तिला थोडी थोडी वाट देऊ लागतो.

ही थोडीशी गळती किती महाग पडते ते पाहा. अशा सेटमध्ये स्पीकर हलवणारा शेवटचा व्हॉल्व्ह बहुधा ईएल ८४ असतो. त्याच्या आत ग्रिड नावाची जाळी असते. ही जाळी कॅथोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या, तुलनेत उणे ७ व्होल्टच्या आसपास राहिली तरच त्यातून वाहणारा प्रवाह आटोक्यात राहतो. आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज या जाळीपर्यंत आणून पोचवतो एक छोटा कागदी कंडेन्सर. त्याने आवाज जाऊ द्यायचा आणि मागचा चढा व्होल्टेज अडवायचा, एवढंच त्याचं काम. त्यातून एका अँपिअरचा लाखावा भाग एवढी जरी गळती झाली, तरी अर्ध्या मेगओहमच्या रेझिस्टन्सवर पाचेक व्होल्ट उभे राहतात. उणे ७ चे उणे २ होतात. व्हॉल्व्हची लगाम सुटते, तो झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढतो, लालबुंद होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसाएवढी बारीक तार जाळून जातो. चहाच्या किमतीची वस्तू अशी वस्तू जाळते जी आता सहज मिळत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा. हे बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यासारखे चेसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, उभे असतात. त्यांच्या आतल्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो थर विजेच्या दाबानेच घडतो आणि टिकतो. रोज रेडिओ लागत होता तोवर तो रोज ताजा होत होता. रेडिओ बंद पडून राहिला की थर विरत जातो आणि आतला ओला रसही सुकतो. म्हणजे हा भाग वापराने टिकतो आणि विश्रांतीने मरतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यांत नेमकं उत्तर हेच.

तुम्ही ऐकलेली गुणगुण याच डब्यांची. घरची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. रेडिओतला आणखी एक व्हॉल्व्ह तिला एका दिशेची करतो, पण ती तेव्हाही सेकंदाला बहुधा शंभर वेळा हेलकावतच असते. ते हेलकावे शांत करायचं काम या डब्यांचं. डबे सुकले की हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात आणि रेडिओ गुणगुणतो. मेणाचा वास मात्र तापलेल्या कागदी कंडेन्सरचा. वास फक्त मेणाचा होता, डांबराचा किंवा जळक्या वॉर्निशचा नव्हता, तर ट्रान्सफॉर्मर वाचला असं समजायला हरकत नाही.

तो पुन्हा बोलेल का?

माझं उत्तर होय असं आहे, आणि ते तुमच्या समाधानासाठी दिलेलं नाही. अशा रेडिओत जे बिघडतं ते जवळजवळ सगळं आजही बाजारात मिळतं आणि स्वस्तही असतं. जे विकत मिळत नाही ते, म्हणजे छापलेली डायलची काच, लाकडाचा घाट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, केंद्र बदलणारा गँग कंडेन्सर, ते सहसा शाबूत असतं. सगळी पुनर्बांधणी या एका नियमावर उभी करा : जे विकत मिळतं ते निःशंक बदला, जे मिळत नाही त्याला जपून हात लावा किंवा लावूच नका. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. हौसेने आधी काच घासली जाते, लाकडाला पॉलिशपेपर मारला जातो, आणि कंडेन्सर तसेच ठेवून पिन लावली जाते.

कामाचे दोन भाग करा. ज्यात विजेचा संबंध नाही ते तुम्ही स्वतः निवांत करा. ज्यात आहे ते जाणकाराकडून करून घ्या. हा सल्ला भीती घालायला देत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत २५० ते ३०० व्होल्ट खेळत असतात, आणि पिन काढल्यावरही चांगल्या कंडेन्सरमध्ये तो दाब काही काळ साठून राहतो. त्यामुळे जाणकार माणूस आधी रेझिस्टन्स लावून तो उतरवतो, मीटरने खात्री करतो आणि मगच आत बोट घालतो.

आणखी एक गोष्ट पिन लावण्याआधी पाहायलाच हवी. चेसिसवर लोखंडी पट्ट्यांचा जड ठोकळा, म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर, आहे का? नसेल तर तो ‘एसी-डीसी’ सेट. त्या काळी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून दोन्हीवर चालणारे असे सेट निघत. त्यांत चेसिसचा सांगाडाच घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. पिन उलटी लागली की बटणाचा उघडा स्क्रूसुद्धा झटका देतो. व्हॉल्व्हच्या नावावरूनही हे ओळखता येतं. काचेवरचं नाव ‘ई’ने सुरू होत असेल, जसं ईसीएच ८१ किंवा ईएल ८४, तर त्याचा तंतू ६.३ व्होल्टवर चालतो आणि सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘यू’ने सुरू होत असेल, जसं यूसीएच ८१ किंवा यूएल ८४, तर सगळे तंतू माळेसारखे एकापुढे एक जोडलेले आहेत आणि सेट एसी-डीसी आहे. असा सेट फक्त आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर ठेवूनच दुरुस्त करायचा.

तुम्ही करायचं ते

मागचा पुठ्ठा उघडण्याआधी आणि उघडल्यावर भरपूर फोटो काढा. आत धूळ असेल, पालीची अंडी असतील, एखादं जुनं तिकीटही निघेल. मऊ ब्रशने धूळ सैल करा आणि फुंकणीने उडवा. पाणी नको, ओलं फडकं नको. गँग कंडेन्सर म्हणजे पंख्यासारखी एकात एक शिरणारी पाती. तिथे कापूससुद्धा लावू नका. एक पातं वाकलं तर केंद्रं सरकतात. आयएफटीच्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या, चौकोनी डब्यांच्या डोक्यावर छोटे स्क्रू असतात. ते फिरवण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. त्यांची जुळणी कारखान्यात यंत्रावर केलेली असते.

व्हॉल्व्ह उपसून फेकू नका. व्हॉल्व्ह सहसा जात नाहीत. काचेच्या आत वरच्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग दिसेल. तो तसाच चकचकीत असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला चीर जाऊन हवा शिरली आहे, तो एकच बदलायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते. त्यांचा आणि परदेशी कंपन्यांचा जुना न वापरलेला साठा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जुनं सामान ठेवणाऱ्यांकडे अजून हाती लागतो. हिरवा डोळा, म्हणजे मॅजिक आय, मात्र पुष्कळदा फिका पडलेला असतो, कारण त्याच्या आतला चमकणारा लेप वापराने विझतो. त्याने रेडिओच्या आवाजाला काही बाधा येत नाही. फिका का होईना, मूळचा डोळा असू द्या.

लाकडावर वरचा थर विनिअरचा असतो, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. पॉलिशपेपर मारला की तो जातो आणि खालचं लाकूड उघडं पडतं. जुन्या पेट्या सरसाने चिकटवलेल्या असत. सरस पाण्याने आणि उबेने पुन्हा सैल होतो. कडेला विनिअर उचकटलं असेल तर ओलसर कापड ठेवून कोमट इस्त्री हलकेच फिरवा, मग सपाट फळी आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. सरस पार वाळून गेला असेल तर सुईने पातळ डिंक आत सोडा. पॉलिश उडालं असेल तर चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश जाणणारा जुना सुतार गाठा. पेटीवर मुळातच तशा पॉलिशचा हात असेल तर त्यावर नवा हात एकजीव होतो. आजोबांच्या हाताने जिथे बटणाभोवतीचं लाकूड गुळगुळीत झालं असेल, ती जागा झाकू नका.

आता डायलची काच. इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती मला आजही लागते. माझ्या मामांचा रेडिओ मी दुरुस्त करत होतो. काच पिवळट पडली होती. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून मी ती दोन्ही बाजूंनी पुसली. फडक्यावर आधी तपकिरी मळ आला, मग बारीक सोनेरी कण. ते कण कसले हे लक्षात येईपर्यंत काचेवरून ‘कोलंबो’ हे नाव पुसलं गेलं होतं. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि तो रंग इतक्या वर्षांनी नुसता टेकलेला असतो. मामा दर बुधवारी संध्याकाळी त्याच नावावर काटा आणून बिनाका गीतमाला लावायचे. काच स्वच्छ झाली, पण त्या जागी आता काही नाही. म्हणून तुम्ही पुढची, हाताला लागणारी बाजू फक्त पुसा. मागच्या बाजूला कोरडा, मऊ ब्रश, तोही अक्षरांपासून लांब.

जाणकाराने करायचं ते

मेकॅनिक निवडताना एकच प्रश्न विचारा : तुम्ही सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलता का, की फक्त बिघडलेला बदलता? ‘बिघडलेला तेवढाच’ असं उत्तर आलं तर पुढे जा. एक गेला की बाकीचे त्याच्या मागे रांगेत उभे असतात. अशा सेटमध्ये ते दहा-पंधराच असतात. कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिस्टरचे, डब्यांच्या जागी ४५० व्होल्टचे नवे इलेक्ट्रोलिटिक, त्याच किंवा त्याच्या अगदी जवळच्या क्षमतेचे. अभ्रकाचे कंडेन्सर सहसा चांगले असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. कार्बनचे रेझिस्टन्स मीटरवर तपासायचे. ते जुने झाले की त्यांची ओहममधली किंमत वाढत जाते. वीसेक टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर बदलायचे.

काम करताना नियम एकच : एक काढा, एक लावा. सगळे एकदम काढले की कुठला कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही.

आत उघडल्यावर तो जुना रूपरंग राहावा असं वाटत असेल तर एक सुंदर पद्धत आहे. जुन्या कागदी कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी गरम करून आतली गुंडाळी काढून टाकायची, नवा छोटा कंडेन्सर तिच्यात बसवायचा आणि तोंडं पुन्हा मेणाने बंद करायची. बाहेरून १९५५ ची नळी, आत आजचा भाग. वेळखाऊ काम आहे, पण घरच्या वस्तूसाठी करण्याजोगं आहे. नसेल जमत तर काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून, वर तारीख लिहून, पेटीच्या तळाशी ठेवा. शंभर वर्षांनी कुणी उघडलं तर त्याला कळायला हवं की काय मूळचं आणि काय नंतरचं.

त्यानंतर वायर. रेशमी वेष्टणाच्या वायरीचं आतलं रबर भुगा झालेलं असतं. नवी वायर, फ्यूज आणि मागच्या बाजूला असलेला व्होल्टेजचा खटका २४० वर. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला अर्थिंग द्या. एसी-डीसी सेटच्या चेसिसला कधीही देऊ नका.

आणि मग तो क्षण. पहिली पिन सरळ भिंतीत लावायची नाही. मेकॅनिकच्या टेबलावर सिरीजचा बोर्ड असतो : विजेच्या वाटेत आधी ६० वॉटचा तंतूचा बल्ब, त्याच्या पुढे रेडिओ. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तंतूचाच हवा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि रेडिओला वीज पोचूच देत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा लख्ख होतो, मग हळूहळू मंदावत तांबूस होतो. त्या वेळी रेडिओच्या मागे बघा. एकेका व्हॉल्व्हच्या पोटात शेंदरी टिंब उमटतं. तापलेल्या धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. वीस-तीस सेकंद काहीच होत नाही, कारण तंतूने कॅथोड तापवल्याशिवाय इलेक्ट्रॉन निघत नाहीत. मग स्पीकरच्या कापडामागून हलकी फुसफुस सुरू होते. एरियलच्या छिद्रात तार लावताना ‘टक’ असा आवाज आला की समजा, पहिल्या व्हॉल्व्हपासून स्पीकरपर्यंत सगळी वाट मोकळी आहे. बटण फिरवताना खरखर आली तर ती व्हॉल्यूमच्या पट्टीवरची धूळ. काँटॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा फिरवलं की जाते. बँड बदलायच्या स्विचलाही तेच औषध.

ब्लूटूथचं किट?

माझं स्पष्ट मत आहे : नको. आतलं काढलं की उरते ती लाकडी पेटी, आणि पेटीत कुठलाही स्पीकर बसवता येतो. तुमच्या आजोबांचा रेडिओ म्हणजे ती वाट, एका टोकाला एरियल आणि दुसऱ्या टोकाला स्पीकर, आणि मध्ये तापून उजळणारे व्हॉल्व्ह. ती एकदा कापली की परत जोडता येत नाही.

फोनवरची गाणी त्यातून ऐकायची इच्छा मात्र रास्त आहे आणि तिची सोय आजोबांच्या काळातच करून ठेवलेली आहे. मागच्या बाजूला ‘ग्रामोफोन’ किंवा ‘पीयू’ असं लिहिलेली दोन छिद्रं बहुतेक मोठ्या सेटना असतात. तबकडीचं यंत्र जोडायची ती जागा. तिथे एक साधी केबल लावली की फोनचा आवाज आजोबांच्याच व्हॉल्व्हमधून, आजोबांच्याच स्पीकरवर येतो. एकच अट : सेट मेन ट्रान्सफॉर्मरचा हवा. एसी-डीसी सेटमध्ये हे करू नका, तिथे घरची वीज थेट फोनपर्यंत आणि हातापर्यंत येते.

मग त्यावर गीतरामायण लावा. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण त्यावरून सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. तुमच्या घरी रेडिओ आला तो त्या वर्षी. माळ्यावर शोधून पाहा, त्या काळी पोस्टातून मिळणारं रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक असेल. त्यातला पहिला शिक्का तुमच्या वडिलांच्या आठवणीला तारीख देईल.

आणि खरं प्रक्षेपण? तेही लागेल, पण थोडी तयारी लागते. देशभर मीडियम वेव्हचे प्रक्षेपक एकेक करून बंद होत आहेत, त्यामुळे आधी साध्या ट्रान्झिस्टरवर कुठली केंद्रं ऐकू येतात ते पाहा. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मीडियम वेव्हवर जबरदस्त खरखर करतात. ते बंद करून पाहिलंत तर दोष रेडिओचा नाही हे लगेच कळेल. आणि आजोबांच्या वेळची एरियल परत लावा : खिडकीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, किंवा चिनी मातीच्या दोन इन्सुलेटरांमध्ये बांधलेली दहा मीटर तार. व्हॉल्व्हच्या रेडिओला एरियलशिवाय ऐका म्हणणं म्हणजे कान झाकून ऐक म्हणण्यासारखं आहे.

आजीचा ठिपका

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण या दुरुस्तीत त्या ठिपक्याचं एक खरंखुरं काम आहे.

डायलचा काटा एका दोऱ्याला अडकवलेला असतो. दोरा चाकांवरून, खालच्या स्प्रिंगवरून फिरत गँगपर्यंत जातो. इतक्या वर्षांत तो कुजलेला असणार आणि बदलावाच लागणार. (काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून ठेवा; हे चित्र नसल्यामुळे एकेका सेटवर आख्खी संध्याकाळ जाते.) नवा दोरा चढवला की प्रश्न येतो : काटा दोऱ्यावर नेमका कुठे चिमटायचा? गँग पूर्ण मिटलेली असताना काटा पट्टीच्या टोकाला येईल असा तो लावतात. पण ते ढोबळ असतं. अचूक करण्यासाठी मेकॅनिकला एक ओळखीचं केंद्र आणि त्याची खरी जागा लागते.

ती जागा तुमच्या आजोबांनी लिहून ठेवली आहे. पुणे केंद्र लावा, आवाज सगळ्यांत स्वच्छ येईल तिथे बटण थांबवा, आणि काटा सरकवून ठिपक्याखाली आणा.

काटा ठिपक्यावर ठेवला की पट्टीवरची इतर नावं केसभर चुकली, तर गोंधळून जाऊ नका. त्याचं एक कारण रेडिओच्या बाहेर आहे. पूर्वी मीडियम वेव्हवरची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असत. १९७५ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अंतर नऊ किलोहर्ट्झ झालं आणि आपल्याकडची बहुतेक केंद्रं थोडी थोडी सरकली. पुणे केंद्राची आजची जागा ७९२ आहे; नऊने भागून पाहा, नि:शेष भाग जातो. आजोबांची काच जुन्या जगाच्या नकाशासारखी आहे, गावं तीच, वाटा किंचित हललेल्या. डायलवर मीटरचे आकडे असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा. ७९२ चे सुमारे ३७९ मीटर येतात.

ठिपका काढू नका. त्यावर नवा रंगही देऊ नका. चौकटीचा तो भाग पुसायचाच असेल तर कोरड्या ब्रशने, ठिपक्याच्या कडेकडेने. वाचता न येणारी एक बाई तिला हवं ते केंद्र कुणालाही न विचारता लावू शकत होती, ते त्या ठिपक्यामुळे. कंडेन्सर सगळे नवे आले, वायर नवी आली, दोरा नवा आला, तरी जोवर काटा त्या ठिपक्याशी थांबल्यावर आवाज लागतो, तोवर तो रेडिओ तुमच्या आजीचाच आहे.